दुकानात उभं राहून मोठं कसं व्हायचं

नाशिकला कॉलेजरोडच्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये मी आठ वर्षं झाली कामाला आहे, दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाहीये. आधी ट्रायल रूमपाशी उभं राहून टोकन वाटायचे, मग लेडीज सेक्शन, मग कॅश, आता फ्लोअर बघते. एवढ्या काळात साठ-सत्तर पोरंपोरी तरी आली-गेली असतील, दिंडोरीची, सिन्नरची, सुरगाण्याची, सिडकोतली, जेलरोडची, आणि येताना प्रत्येकाचं एकच वाक्य असतं, "ताई, तात्पुरतं आहे, चार-सहा महिने फक्त." मी पण हेच बोलले होते. मग दिवाळी येते, मग लग्नसराई, मग सेल लागतो, आणि एक दिवस हँगरला टॅग लावता लावता लक्षात येतं की आपण एकोणतीसचे झालो, बापाला शुगर निघाली, भावाची फी आपण भरतोय आणि घरातलं लाइटबिल आपल्या मोबाईलवर यायला लागलंय.

नवीन कुणी जॉइन झालं की मी चहाच्या ब्रेकला तुकड्या-तुकड्यात जे सांगते ते इथे सलग लिहून काढतेय. ज्यांना दुकानाचा अनुभव नाही त्यांना यातलं बरंच फालतू वाटेल, वाटू दे.

सगळ्यात आधी एक सवय सोडायची, पगार लपवायची. आपल्याकडे बाजूला नऊ तास उभ्या असलेल्या माणसाचं जेवण काय, ब्रेकअप कधी झालं, सासू कशी आहे सगळं माहीत असतं पण त्याला पगार किती ते माहीत नसतं. मालकाला हेच पाहिजे असतं. माझ्याच सोबत लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा दीड हजार जास्त होते हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्याची स्लिप प्रिंटरवर विसरली म्हणून. भांडण नको, तोंड वाकडं करणं नको, फक्त आकडे एकमेकांना सांगा. पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पगाराची स्लिप वाचायला शिका, तेही पहिल्या महिन्यातच

समजा इंटरव्ह्यूला एचआर म्हणाला अठरा हजार. पोरगं खूश, घरी फोन, आईने देवापुढे साखर ठेवली. महिन्याने खात्यात आले १४,१२०. मग तोंड पाडून माझ्याकडे, ताई माझे चार हजार कुणी खाल्ले. कुणी खाल्ले नाहीत बाबा, तुला सांगितलं ते सीटीसी होतं, म्हणजे कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च. कागद घे आणि लिही. बेसिक १३,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ३,०००, ग्रॉस, म्हणजे कापाकापीच्या आधीचा पगार, झाला १६,०००. यातून तुझा पीएफ बेसिकच्या १२ टक्के म्हणजे १,५६० गेला. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, ग्रॉसच्या ०.७५ टक्के, म्हणजे १२०. प्रोफेशनल टॅक्स २००. उरले १४,१२०. आणि कंपनी तिच्या बाजूने पीएफ १,५६० आणि ईएसआयसीचे ३.२५ टक्के म्हणजे ५२० भरते, ते १६,००० मध्ये मिळवले की १८,०८०, हेच ते अठरा हजार. म्हणून इंटरव्ह्यूला एकच प्रश्न विचारायचा, "इन हँड किती?" लाजायचं नाही, ते लोक लाजत नाहीत.

प्रोफेशनल टॅक्सची एक गंमत आहे. महाराष्ट्रात पुरुषांना दहा हजारांच्या वर पगार असला की महिन्याला २०० जातात आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. बायकांना २०२३ च्या एप्रिलपासून २५ हजारांपर्यंत हा टॅक्स नाहीच. आमच्याकडे एका मुलीचा सात महिने कापला गेला होता, कुणी बघितलंच नाही, तिने पण नाही. मग मेल टाकला तर पुढच्या पगारात १,४०० परत आले. चौदाशे म्हणजे आमच्यासाठी दोन आठवड्यांचं पेट्रोल आणि भाजी.

आता पीएफचं पासबुक. उमंग ॲपवर यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर, टाकून बघता येतं. सगळे एकदा तरी बोंबलतात की कंपनीने माझ्याइतके टाकलेच नाहीत, माझे १,५६० आणि त्यांचे ४७७ च. चोरी नाहीये ती. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शनच्या रकान्यात जातात, वरच्या हिशोबात १,०८३, तो रकाना बाजूलाच असतो, जरा सरकवून बघा. चोरी वेगळी असते. चोरी म्हणजे तुमच्या पगारातून कापलेत आणि पासबुकात एंट्रीच नाही. मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पैसे भरायचे असतात. मी या आधी ज्या दुकानात होते, मेनरोडला, तिथे चार महिने कापले आणि भरले नाहीत. मी एकटी विचारायला गेले तर "बघतो, सीएशी बोलतो," असं दीड महिना चाललं. मग आम्ही पाच जणांनी आपापल्या स्लिपा आणि पासबुकाचे स्क्रीनशॉट एकत्र ठेवले, पीएफच्या तक्रारीच्या पोर्टलवर एकाच दिवशी पाच तक्रारी टाकल्या, मग पंधरा दिवसांत एंट्र्या पडल्या. एकटीची तक्रार ती किरकिर, पाच जणांची तक्रार म्हणजे मग मालक सीएला खरंच फोन लावतो.

नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाईल घ्यायची खाज सगळ्यांना येते. काढू नका, ट्रान्सफर करा. पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते, दर वेळी काढलं की मोजणी परत शून्यावर. आणि यूएएन आयुष्यभर एकच असतो, नवीन जागी जॉइन होताना जुना नंबर द्या, नाहीतर दोन होतात आणि मग ते जुळवता जुळवता नाकी नऊ येतात.

ईएसआयसीचं कार्ड बहुतेकांचं पाकिटात पडून असतं. ग्रॉस २१ हजारांपर्यंत असेल तर तुम्ही त्यात आहात. सातपूरला ईएसआयचा दवाखाना आहे, गर्दी असते, रांग असते, बोलणं पण कधी कधी खेकसल्यासारखं असतं, तरी जा. फक्त तुमचं नाही, नवरा-बायको, पोरं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील पण त्यात बसतात, फक्त त्यांची नावं टाकलेली पाहिजेत. आजारी पडून घरी बसलात तर वर्षातून ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, पण त्याला आधीच्या सहा महिन्यांच्या पट्ट्यात किमान ७८ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट त्यांच्याकडचंच लागतं. आमच्या गोडाऊनच्या दादाला कावीळ झाली होती, तो बाहेरच्या डॉक्टरकडे दीड महिना गेला, सगळे पैसे खिशातले, आणि नंतर म्हणतो मला काय माहीत. आता तो प्रत्येक नवीन पोराला पहिल्या दिवशी पकडून कार्ड काढायला लावतो. बाळंतपणाला २६ आठवडे पगारी रजा आहे, हे मुलींनी लग्न ठरलं की लगेच वाचून ठेवा, पोट दिसायला लागल्यावर नको, कारण त्याला पण आधीच्या वर्षातलं ७० दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन लागतं.

कॅश कमी पडली तर

हे होणारच आहे, एकदा तरी. माझं दिवाळीच्या आधीच्या रविवारी झालं. काउंटरवर माणसावर माणूस, एका बाईने मोबाईल दाखवला, हिरवी बरोबरची खूण, त्याच क्षणी साउंडबॉक्स बोलला पैसे मिळाले, मी बिल फाडलं, पिशवी दिली. रात्री पावणेअकराला टोटल मारली तर १,७४० कमी. साउंडबॉक्स बाजूच्या काउंटरच्या पेमेंटला बोलला होता. तेव्हापासून कितीही गर्दी असो, मी दुकानाच्या मोबाईलवर रक्कम आणि नाव बघितल्याशिवाय बिल बंद करत नाही, कस्टमर चिडतात, चिडू देत.

मॅनेजर म्हणाला पगारातून कापू. असं परस्पर कापता येत नाही बरं का. वेतनाच्या कायद्यात १९३६ पासून आहे की नुकसान तुमच्याच हलगर्जीपणाने झालं असेल तरच कापायचं आणि कापायच्या आधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी द्यायची. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी रडत होते. फ्लोअरवरचे पाच जण आणि मी, असे सहा, प्रत्येकी २९० काढून त्या रात्री गल्ला पूर्ण केला. कुणी काही बोललं नाही. कॅशवरची तेव्हाची ताई फक्त म्हणाली, उद्या तुझ्या डब्यात काय आहे ते आम्ही खाणार. ते २९० मी सगळ्यांना परत केले, एकाने घेतले नाहीत, त्याच्या लग्नात मी आहेराच्या पाकिटात घातले.

पण हा कायमचा उपाय समजू नका. तीनदा असं वर्गणी काढून भरलं की मॅनेजरला सवय लागते, मग स्टॉक मोजणीत माल कमी निघाला तरी "सगळे मिळून भरा" सुरू होतं. तिथे आम्ही लेखी मागितलं. कोणता माल, किती नग, कोणत्या तारखेला, कुणाच्या सेक्शनमधून. ते आजवर लेखी आलेलं नाही, आणि कापलेही गेले नाहीत.

उसने, भिशी आणि मोबाईलचा हप्ता

दुकानात महिन्याच्या वीस तारखेनंतर सगळ्यांचे चेहरे सारखेच असतात. तेव्हा कुणी तुम्हाला पाचशे मागेल, तुम्ही पण मागाल. माझा नियम सोपा आहे, पाचशेपर्यंत द्यायचे आणि विसरून जायचं, त्याच्या वर असेल तर व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्यायची, "आज दोन हजार घेतले, दहा तारखेला देतो." याने मैत्री तुटत नाही, उलट न लिहिल्याने तुटते. जामीनदार म्हणून सही मात्र कुणालाही नाही. सख्ख्या भावासारखा असला तरी नाही. तुमच्या सहीवर त्याचं कर्ज थकलं की फोन तुम्हाला येतात आणि तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पण खाली येतो.

भिशी मला आवडते, सीए लोक नाकं मुरडतील. आमच्याकडे दहा जणांची आहे, हजार-हजार रुपये, दहा महिने, म्हणजे नंबर लागला की दहा हजार हातात. बँकेत आरडी केली तर व्याज मिळतं, इथे काहीच मिळत नाही, बरोबर, पण आरडी मोडायला कुणाला तोंड द्यावं लागत नाही, भिशी चुकवली तर रोज सकाळी नऊ तोंडं समोर. काही गोष्टी पाळा म्हणजे झालं. तारीख पगारानंतरची ठेवा, आमची दहा. पहिला नंबर चिठ्ठीने काढू नका, ज्याची गरज खरी आहे त्याला द्या, बाकीचे चिठ्ठीने. नवीन आलेल्याला शेवटचे नंबर, कारण पोरगं तिसऱ्या महिन्यात नंबर घेऊन नोकरी सोडून गेलं तर सात महिने कुणाच्या मागे फिरणार, आमच्या बाबतीत एकदा झालंय, तो आता पाथर्डी फाट्याला दिसतो आणि रस्ता बदलतो. वही एकाकडे, फोटो ग्रुपवर सगळ्यांकडे. आणि दुकानाबाहेरचा माणूस घ्यायचा नाही, कुणाचा मेहुणा, कुणाचा शेजारी, अजिबात नाही.

मोबाईल हप्त्यावर घेणार असालच, आणि घेणारच आहात मला माहितीये, तर हप्त्याची तारीख बघा. आमचा पगार सात ते दहाच्या मध्ये होतो आणि फायनान्सवाला सर्रास दोन किंवा पाच तारीख टाकतो. खात्यात पैसे नसतात, हप्ता बाउन्स, मग बँक वेगळा दंड लावते आणि फायनान्स कंपनी वेगळा, वर सिबिलला डाग. सही करतानाच म्हणायचं, तारीख पगारानंतरची टाका, नाहीतर दुसऱ्या दुकानात जातो. आपण स्वतः दुकानातले, आपल्याला माहीतच आहे ना, उठून निघालेल्या कस्टमरला सगळं मिळतं.

दहा मिनिटांत लोन देणारी ॲप्स, त्यांच्यापासून लांब. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केलेत की ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायचे नाहीत, पैसे थेट तुमच्या खात्यात यायला पाहिजेत आणि सगळा खर्च आधी कागदावर दाखवायला पाहिजे. जे ॲप कॉन्टॅक्टची परवानगी मागतं ते तिथेच डिलीट करा. आमच्या किड्स सेक्शनच्या मुलीने सात हजार घेतले होते आणि वसुलीवाल्यांनी तिच्या फोनमधल्या सगळ्यांना मेसेज पाठवले, त्यात मी पण होते, मॅनेजर पण होता. तिने दोन दिवस सुट्टी मारली लाजेने. मग आम्ही दोघी बसून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावला आणि सायबर पोलिसांत तक्रार दिली. असं झालं तर घरी नाही सांगितलं तरी चालेल, दुकानात एकाला तरी सांगा, लपवून ठेवलं की माणूस त्यातून निघायला अजून एक लोन घेतो.

ओळखीचं गिऱ्हाईक

याबद्दल कुणी बोलत नाही, मी बोलते. शनिवारी संध्याकाळी दार उघडतं आणि आत येते तुमची दहावीतली बाकावरची मैत्रीण, पुण्यात आयटीत, सोबत नवरा. "अगं, तू इथे?" या तीन शब्दांत तिच्या मनात काहीही वाईट नसतं पण तुम्हाला पोटात गोळा येतो. माझं असं झालं तेव्हा मी तिला आठ कुर्ते काढून दाखवले, तिने त्यातले दोन घेतले, आणि उरलेले सहा घडी घालताना मला दिसेना झालं डोळ्यांतल्या पाण्याने. आता आमच्याकडे एक शब्द ठरलाय. कुणी ओळखीचं येताना दिसलं आणि तुम्हाला नकोय, तर मोठ्याने म्हणायचं, "तीन नंबरचा स्टॉक बघून येते." आमच्याकडे तीन नंबरचा रॅकच नाहीये. बाजूचा समजतो, पुढे होतो, कस्टमर सांभाळतो. प्रश्न विचारायचे नाहीत, परत आल्यावर पाणी द्यायचं.

हळूहळू मला त्याची गरज कमी पडायला लागली. आता कुणी विचारलं तर सरळ सांगते, हो, आठ वर्षं झाली, मी फ्लोअर बघते, तुला साइज कोणती? साइज विचारली की बोलणं आपल्या हातात येतं.

स्थळांचं पण तसंच. आमच्या मुलांची स्थळं "दुकानात कामाला" या एका वाक्यावर परत जातात, गावाकडे तर पहिला प्रश्न शेती किती आणि दुसरा नोकरी परमनंट का. मुलींना वेगळंच ऐकायला लागतं, रात्री दहाला घरी येते म्हणे, रविवारी पण सुट्टी नसते म्हणे. बायोडाटात खोटं लिहू नका, "मॅनेजर" लिहून ठेवलं आणि मुलीचा मामा गिऱ्हाईक बनून बघायला आला, असं आमच्याकडे घडलेलं आहे, आणि त्या दिवशी नेमका मॅनेजर शिडीवर चढून बॉक्स काढत होता. जे आहे ते लिहा, पण पूर्ण लिहा: हुद्दा, किती वर्षं, इन हँड किती, पीएफ आहे. पीएफ आहे म्हटल्यावर सासरे लोक जरा मऊ होतात, का ते मला आजवर कळलेलं नाही.

पाय

पाय दुखणारच. बूट अर्धा नंबर मोठे घ्या कारण संध्याकाळी पाय सुजतात, बूट घ्यायला पण संध्याकाळीच जा. उभ्या उभ्या टाचा वर-खाली करत राहा, पोटरीवर निळ्या शिरा फुगायला लागल्या तर थट्टा समजू नका, दाखवा. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या लोकांना बसायचा हक्क कायद्यात घातला, आपल्याकडे अजून स्टूल मागितलं की "कस्टमर काय म्हणेल". आम्ही ट्रायल रूमच्या मागे एक स्टूल ठेवलंय, आळीपाळीने दहा-दहा मिनिटं.

मुलींसाठी अजून एक. राज्याच्या २०१७ च्या दुकान कायद्यात आहे की रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती पाहिजे आणि तिला घरापर्यंत पोचवायची सोय मालकाने करायची. सणासुदीत क्लोजिंगला साडेदहा होतात तेव्हा सिटीलिंकची बस मिळेलच असं नाही. आम्ही आधी आपापसात जोड्या लावल्या होत्या, सिडकोवाल्या एकत्र, पंचवटीवाल्या एकत्र, मग तिघींनी मिळून मागणी केल्यावर दिवाळीच्या पंधरा दिवसांपुरती गाडी मिळाली. पंधरा दिवस तर पंधरा दिवस.

घरातलं आजारपण

एक दिवस ड्यूटीवर फोन येतो, बाबांना ऍडमिट केलंय. पहिलं काम, रडत रिक्षा शोधायचं नाही, बाजूच्याला सांगायचं, तो तुमचा काउंटर घेईल. दुसरं, हॉस्पिटलमध्ये पोचल्या पोचल्या विचारायचं की इथे आरोग्यमित्र, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणारे, कुठे बसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना, ज्याला आपल्या आया अजून जीवनदायी म्हणतात, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये होतात, रेशनकार्ड आणि आधार लागतं. हे ऍडमिट करतानाच विचारायचं, बिल झाल्यावर विचारून काही होत नाही. म्हणून घरच्या सगळ्यांच्या आधारचे आणि रेशनकार्डाचे फोटो आजच फोनमध्ये काढून ठेवा, आणि एक सेट दुकानातल्या विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेवा. माझ्या वेळी माझा फोन बंद पडला होता, कागद कॅशवरच्या ताईने पाठवले, तिच्याकडे होते म्हणून.

बँकेतून प्रधानमंत्री योजनेचे ते दोन छोटे विमे, जीवनज्योती आणि सुरक्षा, पण सुरू करून टाका. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवनविमा आणि २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा. मे महिन्याच्या शेवटी पैसे कापले जातात, तेव्हा खात्यात पाचशे रुपये ठेवा, नेमके तेव्हाच नसतात.

रूम घेणार असाल तर

बाहेरगावची पोरं तीन-चार जण मिळून सातपूर नाहीतर सिडकोत रूम घेतात. ॲग्रीमेंटवर राहणाऱ्या सगळ्यांची नावं टाका, नाहीतर ज्याचं नाव आहे त्याने नोकरी सोडली की बाकीचे रस्त्यावर. ॲग्रीमेंट रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची असते. डिपॉझिट ऑनलाइनच द्या. राहायला जाताना भिंती, नळ, पंखे यांचा व्हिडिओ काढा, बस.

रविवार, परीक्षा आणि मैत्रीण साहेब झाली की

आपला वीकऑफ मंगळवारी किंवा बुधवारी, आणि जगातली सगळी लग्नं, मुंजी आणि स्पर्धा परीक्षा रविवारी. आमच्यात दर वर्षी एक तरी एमपीएससीवाला असतो. त्याला मी दोन गोष्टी सांगते. एक, खुल्या गटाला ३८ पर्यंत वय आहे म्हणून ३८ पर्यंत देत बसायचं असं नाही, किती अटेंप्ट देणार ते आजच ठरव आणि आम्हाला सांग, म्हणजे आम्ही आठवण करून देऊ. दोन, रजेचा अर्ज हॉलतिकीट आलं त्याच दिवशी, हॉलतिकीट जोडून, मेलवर. तोंडी "हो हो" ला काही अर्थ नसतो, सेलच्या रविवारी तो हो विरघळून जातो.

ज्यांची डिग्री राहिलीये त्यांनी मुक्त विद्यापीठ बघा, १९८९ पासून आपल्याच नाशिकमध्ये आहे, गंगापूर धरणाच्या वाटेवर, आणि आपण नाशिकचेच त्याला हसतो. मी बीकॉम तिथूनच केलं, पुस्तकं कॅश काउंटरच्या खालच्या खणात. ती डिग्री नसती तर मला फ्लोअर मिळाला नसता, एचआरने स्पष्टच सांगितलं होतं.

आणि फ्लोअर मिळाला त्या दिवशी ज्यांच्यासोबत मी डबा खात होते त्यांच्या लेटमार्कवर मला सही करायची होती. याची रीत मला अजून पूर्ण जमलेली नाही. एवढं कळलंय की डबा सोडायचा नाही, आणि डब्यापाशी कामाचं बोलायचं नाही. सणाचं रोस्टर एकटीने लावायचं नाही, सगळ्यांसमोर कागद ठेवायचा, लक्ष्मीपूजनाला कोण, भाऊबीजेला कोण, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदात, उडी मारायला कुणाला जायचंय. गेल्या वर्षी ज्याने दिवाळीत ड्यूटी केली त्याला यंदा आधी निवडू द्यायचं. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याचं रोस्टर कसं लावणार, पंचवटीवाले कामावर पोचणार कसे, याचा विचार मी आत्तापासून करतेय, २०१५ ला रस्ते बंद होते तेव्हा लोक किती किती चालले ते ऐकलंय सगळ्यांकडून.

सोडताना

राजीनामा मेलवर, आपल्या स्वतःच्या मेलवर कॉपी ठेवून. नोटीस पिरियड पूर्ण करा, कितीही राग असला तरी, कारण रिलीव्हिंग लेटर आणि शेवटचा हिशोब त्यावर अडवतात. पीएफमध्ये सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का बघा, नाही टाकली तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता.

आणि नॉमिनी. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं, सगळे शेवटी करतात किंवा करतच नाहीत. नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफसोबत सात लाखांपर्यंतचा विमा घरच्यांना मिळतो, पण नॉमिनी नसेल तर घरचे ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतात. लग्नाआधी टाकलेला नॉमिनी लग्न झालं की बाद होतो, परत टाकायचा, हे लग्न झालेल्या दहातल्या नऊ जणांना माहीत नसतं. आम्ही एका मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी पाच जण जिन्यात बसलो आणि सगळ्यांचे टाकले. पीएफच्या प्रोफाइलला फोटो लागतो, पांढरी भिंत फक्त ट्रायल रूममध्ये, म्हणून एकेकाला आत उभं करून फोटो काढले, तिथला लाइट चांगला आहे, कस्टमर उगाच नाही तिथे जास्त कपडे घेत. सुरगाण्याच्या पोराचं मात्र अडलं. शेवटी आधारचा ओटीपी लागतो आणि त्याच्या आधारला जोडलेला नंबर गावाकडे, वडिलांच्या फोनमध्ये. फोन केला तर ते शेतात, रेंज नाही, ओटीपी गेला उडून. दुसऱ्यांदा पाठवला, तो त्यांनी वाचून दाखवला तर मध्येच आवाज तुटला. तिसऱ्यांदा मॅनेजरने शटर वर केलं. त्यामुळे आधी आधारला स्वतःचा चालू नंबर जोडून घ्या, तो घरबसल्या होत नसेल तर आधार केंद्रावर जावं लागतं, वीकऑफच्या दिवशी सकाळी लवकर जा, अकरानंतर टोकन संपतात.